सहावा तज्ज्ञ

“आबा, देवाला जास्त कळतं की पेपरात लिहिणाऱ्यांना?”

वासुदेव मेस्त्री गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा होता. हातात घडी घातलेला पेपर, कपाळावर घाम.

भिकाजीआबा समईची काजळी पुसत होते. रवळनाथाचे ते गुरव. वासुदेवला पखवाज त्यांनीच शिकवलेला, त्यामुळे त्याच्या आवाजातली लय बिघडली की त्यांना लगेच कळायचं.

“पेपरात काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“पाच तज्ज्ञांचे अंदाज. पाचही जणांचे फोटो आहेत. पाचही म्हणतात, तीन-शून्य.”

“कुणाच्या बाजूनं?”

“कोल्हापूरच्या! आपल्या बाजूनं असते तर मी इथं कशाला आलो असतो?”

आबा हसले नाहीत. मला मात्र हसू आलं. मी खांबाला टेकून फुलवाती वळत बसले होते. माझ्या सोळा सोमवारांतला तो अकरावा.

आमच्या कातळवाडीच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचला होता. मंगळवारपासून शनिवारपर्यंत रोज एक सामना, पाचांतले तीन जिंकेल तो विजेता. मुली सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला गेल्या होत्या. गावकऱ्यांची खास गाडी बारा वाजता सुटायची होती.

वासुदेवची शमिका त्याच संघात. आणि देवळामागच्या मैदानावर बास्केटच्या ज्या फळ्यांखाली गावातल्या साऱ्या मुली खेळायला शिकल्या, त्या फळ्या वासुदेवच्या हातच्या. फणसाच्या लाकडाच्या. चेंडू लागला की घुमतात.

“एकानं तर काय लिहिलंय बघा,” वासुदेवनं पेपर उघडला. “‘कातळवाडीच्या मुलींनी या निमित्तानं कोल्हापूर पाहून घ्यावं.’ पाहून घ्यावं! आमच्या पोरी सहलीला गेल्यात?”

“तांबडा रस्सा चांगला मिळतो तिथं,” आबा म्हणाले.

“आबा!”

“बरं. मग तुझं काय म्हणणं?”

“कौल लावा.”

आबांचा हात थांबला.

आमच्याकडे अडल्यानडल्याला देवाला कौल लावतात. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या छातीवर चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. लग्न जुळवताना लावतात, विहीर खणताना लावतात. चेंडूसाठी कुणी लावल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“पाच तज्ज्ञ झाले,” आबा म्हणाले. “आता देवाला सहावा बसवतोस?”

वासुदेवनं कपाळावरचा घाम पुसला.

“उजवी पडली तर काय करशील?”

“गाडीत बसेन.”

“आणि डावी पडली तर?”

वासुदेव पेपराची घडी घालू लागला.

“पोरीला काय सांगितलंयस?”

“तेच. कौल आला तर येईन म्हटलं.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. बुटांच्या नाड्या बांधत होती.” तो थोडा थांबला. “दोनदा बांधल्या.”

माझ्या हातातली वात तशीच राहिली.

बाहेर रस्त्यावर गाडी येऊन उभी होती. गाडी ठरवणारा नंदू सावंत कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलत होता. “बेचाळीस नावं होती! पेपर आला आणि अकरा राहिली. कुणाच्या गुडघ्याला काय झालं, कुणाची म्हैस व्यायला झाली. एकाच दिवशी सगळ्या म्हशी?”

“त्या टकल्या तज्ज्ञाला आपल्या मैदानावर आणा रे,” दुसरा कुणी म्हणाला. “एक तरी बास्केट घालून दाखव म्हणावं.”

“त्याला मैदान कसं सापडेल? त्याला नकाशात कातळवाडी सापडली नाही. बातमीत ‘कातळवाडा’ छापलंय!”

हशा पिकला. वासुदेवच्या चेहऱ्यावर मात्र रेघ हलली नाही.

“मी गेलो आणि ती तिन्ही सामने हरली...” तो हळूच म्हणाला. “चारचौघांत मला ते बघवणार नाही, आबा.”

आबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तांब्या उचलला, कळ्या भिजवल्या आणि देवाच्या छातीवर लावल्या. एक उजवीकडे. एक डावीकडे.

“घाल गाऱ्हाणं,” ते म्हणाले.

“मी? ते तुम्ही घालता.”

“पखवाज तू वाजवायचास आणि हात माझे दुखायचे, असं किती दिवस? घाल.”

वासुदेवनं हात जोडले. घसा खाकरला.

“बा देवा म्हाराजा... ज्या पाच शहाण्यांनी माझ्या पोरीला हसण्यावारी नेलं, त्यांची तोंडं काळी कर रे म्हाराजा...”

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला ऐकणाऱ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. ऐकणारी मी एकटीच. पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

कळ्या जागच्या जागी.

“हे पेपराच्या संपादकाला लिही,” आबा म्हणाले. “देवाला दुसरं सांग.”

वासुदेव चिडला. पण पुन्हा हात जोडले.

“बा देवा म्हाराजा... आमच्या पोरींना तीन-शून्य जिंकू दे रे म्हाराजा...”

आबांनी कान खाजवला. “तिकडेही कुणी बाप आत्ता हात जोडून उभा असेल. त्याची पोर देवाची कुणी लागत नाही?”

“मग मागू तरी काय?”

“मला काय विचारतोस? पोर तुझी.”

...

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बारा वाजत आले होते.

वासुदेवनं तिसऱ्यांदा हात जोडले. समईची ज्योत तेवढी हलत होती.

“बा देवा म्हाराजा...” त्याचा आवाज उतरला होता. “लहान होती तेव्हा फळीचा बोल्ट एकदा निसटला होता. तेव्हापासून प्रत्येक सामन्याला मी फळीमागे उभा राहतो. बोल्ट बघत. फळी नवी असो, लोखंडाची असो, मी तिथंच. तिला ठाऊक आहे. फ्री थ्रो मारायच्या आधी ती एकदा तिकडे बघते...”

तो थांबला.

आबा एव्हाना उठले होते. कंबरेवर हात ठेवून पायरीपाशी गेले. तिथं वासुदेवच्या चपला पडल्या होत्या, देवळाकडे तोंड करून. आबांनी वाकून त्या उचलल्या आणि उलट ठेवल्या. रस्त्याकडे तोंड करून.

“...उद्या ती बघेल,” वासुदेव म्हणाला. “आणि तिथं कुणीच नसेल रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

आम्ही दचकून पाहिलं. दारात नंदू उभा होता, हाक मारायला आलेला. त्याच्या मागे आणखी तिघं-चौघं. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

“सवयीनं निघालं,” तो म्हणाला. “मेस्त्रीकाका, गाडी सुटते.”

वासुदेवनं देवाकडे पाहिलं. दोन्ही कळ्या तशाच. एकही हलली नव्हती.

“आबा, कौल?”

“देवाला घाई नाही,” आबा म्हणाले. “गाडीला आहे.”

वासुदेव एक पाऊल मागे आला. पुन्हा पुढे गेला, उंबऱ्याला डोकं टेकवलं. मग पायरी उतरला. चपला शोधाव्या लागल्या नाहीत. पाय आपोआप आत गेले.

सोमवारच्या चुरम्याचा देवळात वाटायचा भाग मी पानात बांधून त्याच्या हातात दिला. “शमिकाला द्या. सगळ्याजणींना पुरेल, चिमूट चिमूट.”

त्यानं पेपर तिथंच कट्ट्यावर टाकला आणि पान दोन्ही हातांनी धरून गाडीत चढला. आबांनी पेपराची घडी मोडून मला दिली.

“वातींखाली घाला,” ते म्हणाले. “तेल गळतं.”

पुढचा सोमवार.

मी बारावा नैवेद्य घेऊन देवळात गेले, तर नंदूचा आवाज पायरीवरूनच ऐकू येत होता.

“तीन-शून्य म्हणे! तीन-दोन झालं! पाचही शहाणे तोंडावर आपटले!”

“पण नंदू, हरलो ना आपण?” कुणीतरी विचारलं.

“हरलो कसले? शेवटचा सामना एका गुणानं गेला. एका! त्याला हरणं म्हणतात? आणि हे बघा.” त्यानं खिशातून कात्रण काढलं. “आजच्या पेपरात तेच तज्ज्ञ लिहितात, पुढच्या वर्षी कातळवाडीकडे लक्ष ठेवा. जाणकार माणसं हो. खेळ कळतो त्यांना.”

“आठ दिवसांत शहाणे झाले?” आबा समईत तेल घालता घालता म्हणाले.

नंदूनं कात्रण खिशात परत ठेवलं. फार जपून.

वासुदेव आत आला. हातात नारळ, सोबत शमिका. पोर उन्हानं रापली होती, एका गुडघ्याला पट्टी. बापलेकीनं मिळून नारळ देवापुढे ठेवला. शमिकानं माझ्याकडे पाहिलं आणि माझं रिकामं पान परत दिलं. धुऊन, पुसून, घडी करून आणलं होतं.

“मावशी, चुरमा रोज चिमूट चिमूट खाल्ला,” ती म्हणाली. “पाच दिवस पुरवला.”

केळीच्या पानाचा तुकडा तो. कुणी तो परत आणतं?

“हरल्याचा नारळ?” आबांनी वासुदेवला विचारलं.

“होय आबा.”

“नवस तर नव्हता बोललास.”

“नव्हता. पण... आणावासा वाटला.” त्यानं मान खाली घातली. “तिथली फळी काचेची होती. बोल्ट एकदम पक्के. मला काही काम नव्हतं. पाच दिवस नुसता उभा होतो. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.”

आबांनी नारळ फोडला, पाणी देवावर शिंपडलं, खोबऱ्याची एक भकल वासुदेवच्या हातावर ठेवली.

वासुदेव घुटमळला.

“आबा, एक विचारू? त्या दिवशी मी गेल्यावर... कोणती कळी पडली?”

“मी दुपारी दार ओढलं तोवर एकही नव्हती पडली.”

“आणि नंतर?”

“संध्याकाळी निर्माल्य काढलं.”

“म्हणजे कौल झालाच नाही?”

आबा शमिकाकडे वळले.

“पोरी, फ्री थ्रो मारताना किती वेळा वळून बघितलंस गो?”

शमिका गोंधळली. बापाकडे बघितलं, मग आबांकडे.

“पहिल्या दिवशी. एकदा.”

“आणि मग?”

“मग कशाला बघायचं?” ती म्हणाली. “होते ना.”

...

वासुदेवनं हातातल्या भकलेकडे पाहिलं.

आबांनी समईची वात बोटानं पुढे सारली.

“उजवी पडली,” ते म्हणाले.