चिचुंद्रीचं घुंगरू

चिचुंद्री होती. बोटाएवढी होती. एकटीच होती.

तिच्याकडे एकच वस्तू होती. पितळेचं घुंगरू. छुम! वाजलं की तिला वाटे, कुणीतरी बोललं.

घुशीच्या बिळात एक खोली होती. चिचुंद्री ती मागायला गेली.

घूस म्हणाली, "राहा. पण अनामत ठेव. खोली सोडशील तेव्हा परत देईन."

चिचुंद्रीनं घुंगरू ठेवलं. सारा पावसाळा खोलीत राहिली. घुंगरू नाही. आवाज नाही.

मग घुशीला पिल्लं झाली. एक नाही, दोन नाही, सात!

घूस म्हणाली, "खोली रिकामी कर."

चिचुंद्रीनं खोली झाडली. सर सर सर. दारात उभी राहिली.

"घूसमावशी, माझं घुंगरू दे."

घूस आत गेली. भिंत बघितली.

"हे भोक कुणी पाडलं?"

"मी पाडलं. बाहेर कोण आहे ते बघायला."

"कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

"भोक बुजव. मग घुंगरू."

दार लागलं. धप्प!

चिचुंद्री रडली नाही. म्हणाली, "माझं भोक, मी बुजवीन. माझं घुंगरू, मी नेईन."

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत मातीचा ढीग.

"मातीमाय, मातीमाय, चल ना!
भोक बुजेना,
घूस घुंगरू देईना."

माती म्हणाली, "मी वाळून कडक झालेय. पाणी आण, मग भिजेन."

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पुढे हापसा.

"हापसेदादा, हापसेदादा, पाणी दे ना!
माती भिजेना,
भोक बुजेना,
घूस घुंगरू देईना."

हापसा म्हणाला, "दांडा दाब."

चिचुंद्री दांड्याला लोंबकळली. दांडा हलला नाही.

हापसा म्हणाला, "अगं, तू बोटाएवढी! माणूस आण, मग पाणी देईन."

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ओट्यावर धोंडबाआजा. तोही एकटाच.

"आजा, आजा, दांडा दाब ना!
हापसा पाणी देईना,
माती भिजेना,
भोक बुजेना,
घूस घुंगरू देईना."

आजा म्हणाला, "काठीवाचून मी उठायचा नाही. आणि कुणाचा हात धरायचा नाही. त्या झिपऱ्यानं काठी पळवलीय. काठी आण, मग दाबतो."

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. कुंपणापलीकडे झिपऱ्या कुत्रा. तोंडात काठी.

"झिपऱ्या, झिपऱ्या, काठी दे ना!
आजा दांडा दाबेना,
हापसा पाणी देईना,
माती भिजेना,
भोक बुजेना,
घूस घुंगरू देईना."

झिपऱ्यानं काठी पायाखाली दाबली. म्हणाला, "देणार नाही."

"तुला काय आणू?"

"काही नको."

"मग?"

झिपऱ्या म्हणाला, "माझ्याकडे कुणी येत नाही. काठी नेली, की आजा ओरडतो तरी."

चिचुंद्री झिपऱ्याच्या पंज्याजवळ बसली.

"मी बसते," म्हणाली.

बसली. ऊन सरकलं. सावली लांब झाली.

झिपऱ्याचं शेपूट हललं. थप थप थप.

"काठी तुझ्यानं उचलवायची नाही," तो म्हणाला. "चल, मीच येतो."

झिपऱ्यानं काठी दिली.
"चोरटा! पुन्हा नेलीस तर बघ!" आजा ओरडला. झिपऱ्याचं शेपूट आणखी हललं.
टक टक टक. आजा उठला. आजानं दांडा दाबला.
खटक खटक. हापशानं पाणी दिलं.
चिप चिप चिप. माती भिजली.

चिचुंद्रीनं तोंडातून चिखल नेला. एक घास. दोन घास. तीन घास.

बुजवायच्या आधी तिनं भोकातून एकदा बाहेर बघितलं.

बाहेर आजा होता. बाहेर झिपऱ्या होता.

मग तिनं भोक बुजवलं.

घुशीनं भिंतीवरून पंजा फिरवला. "हं," म्हणाली. घुशीनं घुंगरू दिलं.

छुम!

सांज झाली. घूस पिल्लांत गेली. आजा ओट्यावर गेला. झिपऱ्या कुंपणापलीकडे गेला. चिचुंद्री एकटी उरली.

लिंबाच्या मुळाशी तिला एक फट मिळाली. तिथं कुणी अनामत मागितली नाही. ती आत शिरली. घुंगरू हलवलं.

छुम!

कुणी ओ दिली नाही.

पुन्हा हलवलं.

छुम!

दुरून, कुंपणापलीकडून, आवाज आला.

भू!

चिचुंद्री झोपली. आता तुम्हीही झोपा.