नकाशात नसलेले पाणी

फार पूर्वी, वाटा माणसांच्या पायांनीच पडत त्या काळी, एका राजाने टेकडीवर वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधायचे ठरवले. टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होते आणि गावाला पिण्याच्या पाण्याचे एकच तळे होते.

राजाचा मुख्य गवंडी कामात वाघ. पण पायाचा दगड बसण्याआधी जागा सारवलेल्या अंगणासारखी दिसली पाहिजे, असा त्याच्या घराण्याचा रिवाज होता. त्याने अर्ध्या टेकडीवरचे गवत मुळासकट खणून काढले. राजा खूश झाला. टेकडीला कोणी विचारले नाही.

आठ दिवसांनी वळवाची सर आली. घटकाभरच आली, पण तळे लालभडक करून गेली. बायकांनी घागरी भरल्या आणि तशाच ओतून दिल्या. लेकरे तहानेने रडू लागली.

गावातली म्हातारी कुंभारीण एक घागर भरून धापा टाकत टेकडी चढली. घागर गवंड्यापुढे ठेवून म्हणाली, "पी बाबा."

"हे गढूळ पाणी? यात मी हातसुद्धा बुडवणार नाही!"

"आम्हाला हेच प्यायचंय. तुझ्याच टेकडीवरून आलंय."

गवंडी चिडला. "आजी, मडकी घडवणं वेगळं, इमारत बांधणं वेगळं. हा बघ माझा नकाशा. खांब, दारं, ओसरी, सगळं जिथल्या तिथं आहे."

म्हातारीने नकाशा नीट पाहिला. "झकास आहे. पण पाणी कुठून उतरणार, ते यात कुठंय?"

गवंडी नकाशावर बोट फिरवून शोधू लागला.

तिने अर्धी घागर उघड्या मातीवर ओतली. पाणी माती कापत खाली धावले. उरलेली गवतावर ओतली. पाणी तिथेच मुरले.

"मी अंगणात रोज माती कालवते," ती म्हणाली. "पाणी थांबलं की माती खाली बसते. पाणी पळालं की माती घेऊन पळतं."

गवंडी शरमला, पण माणूस खरा. तिथेच तिच्याशेजारी बसून त्याने दुसरा नकाशा काढला. उरलेले गवत राखायचे. काम असेल तेवढीच जागा उघडी करायची. उतारावर दगडांचे आडवे बांध घालायचे आणि पायथ्याशी पाणी विसावायला मोठा खड्डा खणायचा.

काम दोन महिने लांबले. राजा रागावला तेव्हा गवंडी हात जोडून म्हणाला, "महाराज, धर्मशाळेत तहानलेले येणार. खालचं तळं मेलं, तर त्यांना पाजायचं काय?" राजाने मुदत वाढवून दिली.

पुढे चार दिवस पावसाची झड लागली. गवंडी जीव मुठीत धरून तळ्याकाठी उभा राहिला. खड्ड्यात लाल पाणी शिरत होते, पण खड्डा भरून तळ्याकडे सांडणारे पाणी नितळ होते. त्याने पहिली ओंजळ प्यायली आणि त्याचे डोळे भरून आले.

खड्ड्यात बसलेल्या गाळाचे कुंभारणीने मोठाले रांजण घडवले. धर्मशाळेच्या ओसरीवर वाटसरू त्यातलेच गार पाणी पिऊ लागले. तेव्हापासून त्या राज्यात पायाचा दगड बसवण्याआधी जागेवर घागरभर पाणी ओततात, आणि ते जाते कुठे ते पाहूनच नकाशा काढतात.

तात्पर्य : बांधण्याआधी जो पाण्याची वाट ओळखून घेतो, त्याचे घरही टिकते आणि शेजाऱ्याचे तळेही.