अक्काची होडी आणि सोपानचा हात

बसा मंडळी, आणि आधी एवढं सांगा, विश्वास ठेवावा तरी कोणावर? गोड बोलणाऱ्यावर नाही, हे दुकानात मीठ-मिरची न्यायला आलेलं पोरही सांगेल. मग तुम्ही म्हणाल, ज्याचा हात वर्षानुवर्षं कामावर बसलाय, त्याच्यावर. बरं. एक वाणी होता. तराजूच्या पारड्याला हळूच अंगठा टेकवायची त्याला जुनी खोड. पुढे विजेचा काटा आला, आकडे गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर चमकू लागले, तरी अंगठा आपला जायचाच. गिऱ्हाईक विचारी, "शेठ, गूळ मोजताय की अंगठा?" वाणी शरमेने लाल होई. आता त्याला फसवायचं नव्हतं, पण हाताला ते कोण सांगणार?

तसंच एका नावाड्याचं झालं. फक्त त्याच्या तराजूत माणसं होती.

धरणाच्या पाण्याकाठी निवळे नावाचं गाव होतं. तिथे सोपान ढाणे राही. अर्धं आयुष्य त्याने मोठी इंजिनाची लाँच या काठाहून त्या काठाला नेली. मग पूल झाला आणि लाँच बसून राहिली. सोपानने ती विकली आणि एक छोटी जेटची होडी आणली. शहरातली माणसं तिच्यामागे लाटेवर खेळायला येऊ लागली.

हा खेळ असा. होडीच्या एका अंगाला पाण्याच्या पिशव्या भरून तिला मुद्दाम कलती करायची. मग ती बेताने चालली की मागे गुळगुळीत लाट उठते आणि होडीसोबत चालत राहते. खेळणारा दोरी धरून फळीवर उभा राहतो. तोल सापडला की दोरी होडीत टाकून देतो आणि नुसत्या लाटेवर, होडीच्या अगदी पाठीशी, घसरत येतो. माणूस इतका जवळ, म्हणून मागे फिरता पंखा चालत नाही. जेटची होडी पोटाखालून पाणी ओढते आणि मागे जोराने फेकते. त्या फेकीवरच ती चालते, आणि त्या फेकीवरच वळते.

होडी पोचवायला आलेल्या मेकॅनिकने बजावलं होतं, "काका, हिला सुकाणू नाही. रेस सोडली की ही वळायचंही सोडते. समोर काही आलं तर घाबरून रेस सोडू नका. थोडी देऊनच वळवा."

सोपान हसला. "पोरा, मी पाण्यावरच वाढलोय."

गावाच्या टेकडीचं टोक पाण्यात शिरलं होतं. त्या टोकाशी चंद्राअक्काची जाळी असत. अक्का एकटी मासेमारी करी. तिथे पाणी उथळ, म्हणून एकटीच्या हाताने जाळं निघे. दुसरीकडे खोल पाण्यात तिची ताकद पुरत नव्हती. सोपानची होडी जवळून गेली की ती ओरडे, "अरे सोपान, माझे मासे आंघोळीला कुठं घेऊन चाललास?"

"अक्का, त्यांनाही जरा झोका!"

"झोका तुला देते, ये काठाला!"

एका दुपारी तालुक्याची केतकी नावाची मुलगी लाटेवर उभी होती. सोपानचा मेहुणा बाळकू मागे तोंड करून तिच्यावर नजर ठेवत होता. पुढे पाहणारा एकटा सोपान. टोकाला वळसा घातला आणि समोर अक्काची होडी दिसली. ती पाठमोरी वाकून जाळं ओढत होती. वळायला पाणी भरपूर होतं. पण सोपानच्या हाताने लाँचवर जे केलं असतं तेच केलं. त्याने झटकन रेस सोडली आणि चाक फिरवलं.

चाक फिरलं. होडी फिरली नाही. लाँच असती तर सुकाणूने तिला वळवलं असतं. ही मात्र आपल्या वजनाने सरळ गेली आणि अक्काच्या होडीवर आदळली. अक्का पाण्यात पडली. केतकीची लाट विरली, ती अलगद पाण्यात बसली, तिला काही झालं नाही. अक्काला वर काढलं तेव्हा तिचं उजवं मनगट भलतीकडेच वळलेलं होतं.

काठावर माणसं जमली. बाळकू म्हणाला, "अक्का आडवी आली असणार." अक्का कण्हत म्हणाली, "माझी पाठ होती रे. मीच वाहत याच्या वाटेत आले असेन."

सोपान ऐकत होता आणि खाली वाकून होडीचा दोर खुंटाला बांधत होता.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात गाव बसलं. सरपंच हणमंतआबांनी विषय काढला. "होडीमुळे बाहेरची माणसं गावात येतात. उद्या कोणाचा जीव जायला नको. टोकापासची जाळी उठवावीत, असं मला वाटतं. अक्का, तुझं काय?"

अक्का मनगट छातीशी धरून बसली होती. "माझंच चुकलं असेल, तर मी काय बोलू, आबा?" तिने सोपानकडे पाहिलं. "पाणी माझ्या तोंडात गेलं आणि वाचा याची बसली, बघा!"

लोक हसले. सोपान हसला नाही. बाळकू त्याच्या कानाशी लागला, "दाजी, ती स्वतःच म्हणतेय ना? मग तुम्ही कशाला मधे पडता?"

खरंच, कोणी पाहिलं नव्हतं. बाळकूचं तोंड मागे होतं, अक्काची पाठ होती, केतकीपुढे होडी होती. होडीच बिघडली म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण रेस सोडतानाचा तो हिसका सोपानच्या तळव्यातून जात नव्हता.

तो उभा राहिला. "आबा, अक्का जागची हललीच नव्हती. वळायला जागा होती. या होडीची रेस सोडायची नसते, मला सांगितलेलं होतं. मी सोडली. चूक माझ्या हाताची आहे."

आबा म्हणाले, "सोपान, आता मला तुझी होडी बांधायला लावावी लागेल, कळतंय ना?"

"बांधा, आबा."

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेल्या, हे कालच का नाही बोललास? रात्रभर मी मलाच शिव्या दिल्या."

"उद्यापासून तुझी जाळी मी ओढीन, अक्का," सोपान म्हणाला.

जाळी राहिली. होडी काठाला बांधली गेली आणि सुट्टीतली माणसं पलीकडच्या गावाकडे वळली. सोपान रोज सकाळी अक्काची जाळी ओढू लागला. ती काठावरून ओरडे, "हळू! मासे धरायचेत, त्यांचं श्राद्ध नाही घालायचं!" पुढे आबांनी एवढी परवानगी दिली, की त्याने एकट्याने मोकळ्या पाण्यात हात बसवावा. तो रिकामा डबा पाण्यात तरंगत सोडी आणि त्याच्यावरच होडी घाले. हात रेस सोडून मागे यायला बघे. तो रेस देई आणि वळवी. काठावरची माणसं हसत. तो पुन्हा डबा सोडी. कुठे पावसाळा उलटल्यावर तो हात नवं काम शिकला, आणि मग आबांनी होडीवरची बंदी उठवली.

अक्काचं मनगट जुळलं, पण पुरतं वळेना. ती डाव्या हाताने दोर ओढू लागली. खरं बोलल्याने हाड सरळ होत नाही, मंडळी. टोकापासचं तिचं पाणी तेवढं तिच्याकडे राहिलं.

तात्पर्य: चूक कोणाच्याही हातून होते, पण ती दुसऱ्याच्या नावावर चढताना आपण गप्प बसलो, तर त्याचा दोष हाताला देता येत नाही. जो आपली चूक स्वतःच्या नावावर मांडतो, त्याच्यावर खुशाल भरवसा टाका. आणि एवढी विनंती ऐका, की आपापला हिशेब, कोणी बघत असो वा नसो, खरा ठेवा.