पाण्यात उभं राहून सांगायची गोष्ट

काळवती नदीच्या उंबरघाटावर आलेल्या पाहुण्याला पहिलं नवल वाटतं ते गोष्ट सांगणाऱ्याचंच. गावचे म्हातारे रावजी भोई वहाणा काठावर काढतात, धोतर वर खोचतात, गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहतात आणि मगच तोंड उघडतात.

फार पूर्वी, असे सांगतात, या नदीत मासा आटला. गावभर एकच बोलणं सुरू झालं: नदीतले ऊद, ती पाणमांजरं, सगळा मासा फस्त करतात. गढीवरच्या सरदाराने हुकूम सोडला, कपारीतल्या उदांची बिळं धूर कोंडून रिकामी करा, कातडी गढीवर आणा. भोयांनी गवताचे भारे आणलेसुद्धा.

सुंद्रा भोईण त्या भाऱ्यांना आडवी आली. तिचंही जाळं रिकामंच येत होतं, चूल तिचीही थंड होती. पण रोज पहाटे कपारीपुढच्या खडकावर तिला उदांची विष्ठा दिसे, आणि तीत खेकड्यांची कवचंच कवचं. आत एक मादी पिलं घेऊन होती. धूर कोंडला की तिला वाट उरणार नव्हती.

"उदानं जाळ्यातला मासा नेलेला डोळ्यांनी कुणी पाहिलाय?" तिने विचारलं.

"मला भिकाजीनं सांगितलं," एक जण म्हणाला.

"मी कुठं पाहिलं?" भिकाजी चपापला. "आमचे मामंजी म्हणत होते."

"माझ्यावर कशाला ढकलतोस?" मामंजी म्हणाले. "मी गढीच्या कातडेवाल्याकडनं ऐकलं."

कातडेवाला तिथेच होता. तो हसला. "अगं बये, सगळा गावच म्हणतोय की!"

सुंद्रा हसली नाही. ती पाण्यात उतरून बिळाच्या तोंडाशी उभी राहिली. "पाहिलं असेल त्यानं विस्तव लावावा. नुसतं ऐकलं असेल त्यानं इकडं पाण्यात यावं!"

विस्तव कुणी लावला नाही. आधी भिकाजी उतरला, मग मामंजी, मग सगळा भोईवाडा. सरदार घोड्यावरून आला. त्याने सुंद्राच्या पाठीवर आसूड ओढला, म्हणे. ती हलली नाही. "सरकार, तुम्ही तरी पाहिलंत का?" तिने विचारलं. सरदाराने पुन्हा आसूड उचलला, तेव्हा तिच्यापुढे अख्खा भोईवाडा येऊन उभा होता. त्याने घोडा वळवला.

मासा का आटला, ते मग भोयांनी स्वतः नदीकाठी बसून पाहिलं. पावसाच्या तोंडावर अंडी घालायला वर चढणारा, गाभोळीने भरलेला मासा तेच धरत होते. त्या दिवसांत इथे जाळं पडत नाही ते तेव्हापासून.

आजही दर अमावास्येला गाव घाटावर जमतं आणि नदीची खबर सांगतं. पाहिलेलं कोरड्यात, ऐकलेलं पाण्यात. ही गोष्ट रावजींनी पाहिलेली नाही, म्हणून ते भिजतात.

परवा वाळूच्या ठेक्यासाठी जागा बघायला आलेला एक माणूस गोष्ट ऐकून म्हणाला, "पण आजोबा, आता इथं ऊद उरलेच नाहीत म्हणे."

"म्हणे?" रावजी बाजूला सरकले, त्याला जागा करून दिली. "मग वहाणा काढा, साहेब. या."

तो जागचा हलला नाही. रावजी मात्र पाण्यातून बाहेर आले, कोरड्या खडकावर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "काल पहाटे, त्या कपारीपुढं. पिलं होती बरोबर."