तिसऱ्या मजल्यावरचं इंजिन

रस्त्यावर नि डोंगरात सारखीच धावणारी आपली जुनी मोटारसायकल कुंदाताई पाठारेंनी दुरुस्तीसाठी तिसऱ्या मजल्यावर, थेट हॉलमध्येच खोलली होती. ती उचलून न्यायला चेअरमन घाटपांडे नोटीस आणि दोन हमाल घेऊन आले, ते नेमके खंडेनवमीला. टीपॉयवर इंजिन, त्यावर हळदकुंकू, झेंडूचा हार. सवयीने त्यांनी चपला काढून हात जोडले आणि मग गरजले, "ताई, हे वाहन आहे की भंगार? सोसायटीच्या नियमाने घरात दोन्हींना बंदी आहे!"

कुंदाताईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, आत्ता नमस्कार कोणाला केलात? वाहनाला की भंगाराला?"

"छे छे, देवाला!"

"मग देव काय पार्किंगमध्ये ठेवू?"

घाटपांडेंनी प्रसादाचे पेढे त्याच नोटिशीत बांधून नेले.