हौसाक्काचं मुकं रान

फार फार वर्षं झाली याला. किती, ते विचारू नका. मोजणारे कधीच गेले, आणि मला मोजता येत असतं तर मी गोष्टी सांगत बसलो असतो होय?

तर बोरपांढरी गावात तेव्हा हौसाक्का नावाची राखणदारीण होती. ज्वारी निसवली, कणसात दूध भरलं, की पाखरांच्या झुंडी उतरतात. त्यांना हाकायला रानात लाकडाचा उंच माळा घालतात आणि त्यावर माणूस बसवतात. त्या माळ्यावर हौसाक्काचा हात धरणारं कुणी नव्हतं. कमरेला गोफण, आणि गळा असा की तिने एकदा ‘हाऽऽ हुर्र’ केलं की शेजारच्या गावच्या चिमण्यासुद्धा उठायच्या, असं म्हणतात. तिचा दगड पाखराच्या कानाजवळून जायचा, पण पाखराला कधी लागला नाही. लागला तर ती राखण कसली, ती शिकार झाली.

एका वर्षी तिने राणबाच्या रानाची राखण धरली. राणबाचं तेवढंच एक रान, आणि घरात खाणारी तोंडं भरपूर. तो म्हणाला, “हौसाक्का, वर्षाची भाकरी तुझ्या हातात देतोय बघ.”

ती म्हणाली, “कणसं रिकामी गेली तर पुन्हा माळ्यावर चढणार नाही, राणूदादा. मग तर झालं?”

आता रानाच्या मधोमध होती एक जुनी बाभळ. त्या वर्षी तिच्या शेंड्यावर सापमाराच्या जोडीने घरटं घातलं. सापमार म्हणजे मोठं शिकारी पाखरू, पोटाला पांढरं, डोळे हळदीसारखे पिवळे. वाऱ्यावर पंख पसरून एकाच जागी उभं राहतं, आणि वरून साप हेरतं. गावातल्या पिकल्या केसांच्या माणसांनीसुद्धा त्याचं घरटं कधी बघितलं नव्हतं. आणि कोंबडीसारखी अंड्यांची रास नाही हं, वर्षाला अंडं एकच.

पहिल्याच सकाळी हौसाक्काने माळ्यावरून हाक दिली. चिमण्या उठल्या, पण घरट्यावरची मादीही उठली. ती उठली तशी कावळा आला आणि घरट्यात डोकावला. हौसाक्काने गोफण फिरवली, कावळ्याच्या चोचीपुढून दगड काढला, कावळा पळाला. दुसऱ्या सकाळी पुन्हा हाक, पुन्हा मादी उठली, पुन्हा तोच मेला कावळा. तेव्हा हौसाक्काने कपाळावर हात मारला. “अगं बया! मीच ओरडते आणि मीच कावळ्याला आवतण देते!”

बघा आता पंचाईत. ओरडावं तर अंडं जातं, गप्प बसावं तर ज्वारी जाते. तुम्ही काय केलं असतं? राहू द्या, मला माहीत आहे तुम्ही काय केलं असतं.

हौसाक्काने तोंड मिटलं. गोफण कमरेला गुंडाळली, माळ्यावरून उतरली आणि रानात चालू लागली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत या बांधापासून त्या बांधापर्यंत, सरीसरीने, पायात वहाण नाही, हातातलं कांकण वाजू नये म्हणून त्याला चिंधी बांधलेली. ती जाईल तिथून पाखरं उठायची आणि दुसरीकडे बसायची. ती तिकडे जायची. भाकरीसुद्धा चालता चालता खायची. पाय सुजले, पण ती थांबली नाही. आणि वरून तिला सोबत होती नराची. तो रानावर वाऱ्यात उभा राहिला की चिमण्यांची झुंड आल्या पावली माघारी. अहो, तो साप खातो, चिमणीच्या वाटेला जात नाही. पण हे चिमण्यांना सांगणार कोण?

गावाला मात्र भलतंच वाटलं. जिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही ती बाई मुकी झाली, दिवसभर रानात फेऱ्या घालते, विचारलं तर नुसती ओठांवर बोट ठेवते. बाभळीवरची हडळ लागली, दुसरं काय! राणबाने मनाशी हिशेब केला. मुकी राखणदारीण आणि पाखरांची झुंड, म्हणजे ज्वारी गेलीच. तो भिवा देवर्षीला घेऊन आला. बाधा उतरवायची तर डफ वाजवायला हवा, तोही बाभळीखाली. पुढे देवर्षी, मागे सगळं गाव.

हौसाक्का बांधावर त्यांना आडवी आली. दोन्ही हात पसरले, मान हलवली, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द नाही. देवर्षी म्हणाला, “बघा, कशी अडवतेय! हडळच ती!” आणि त्याने डफावर हात उगारला. तेवढ्यात गोफण फिरली. दगड डफाच्या कातड्यातून आरपार गेला, देवर्षीच्या बोटाला धक्काही न लावता. देवर्षी त्या भोकातून हौसाक्काकडे बघतच राहिला, असं म्हणतात.

राणबा मात्र भडकला. “अक्का, माझ्या पोरांच्या तोंडचा घास घालवलास, आणि वर...” तिने त्याचा हात धरला आणि त्याला ज्वारीत ओढत नेलं. एक कणीस वाकवून दाखवलं, मग दुसरं, मग पलीकडचं. मोत्यासारखी भरलेली! राणबाचा राग तिथेच निवला. मग तिने बाभळीकडे बोट केलं. नर घरट्यावर उतरत होता, चोचीतून सापाचं शेपूट लोंबत होतं, आणि घरट्यातून कापसाच्या बोंडाएवढं पांढरं डोकं वर आलं.

दीड महिन्यात हौसाक्का पहिल्यांदा बोलली, तेही कानात. “हळू, राणूदादा. आई घाबरून उठली तर कावळा येईल.”

राणबा मटकन सरीतच बसला आणि रडला. मागून सगळं गाव येऊन बसलं, कुणी खोकलंसुद्धा नाही. देवर्षी हळूच म्हणाला, “बाधा आहे, पण चांगली आहे.” त्याचंही पोट होतं बिचाऱ्याचं!

काढणी आली तेव्हा बाभळीभोवतीची ज्वारी तशीच उभी ठेवली, बैलांच्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या. वैशाखात पिल्लू घरट्याच्या काठावर उभं राहिलं, पंख उघडले आणि आईबापांच्या मधोमध वाऱ्यावर जाऊन उभं राहिलं. तेव्हा हौसाक्का माळ्यावर चढली आणि इतके दिवस गिळलेल्या सगळ्या हाका तिने एकदम दिल्या. ती हाक सात गावांनी ऐकली, विहिरींचं पाणी थरथरलं, आणि पाळण्यातली पोरं रडायची सोडून हसली, असं म्हणतात. मला विचाराल तर विहिरींचं खरं असेल.

हौसाक्का पुढे पिकल्या पानासारखी गेली. सापमार मात्र येत राहिले, आणि गावही तिच्यासारखंच वागत राहिलं. अजूनही मादी अंड्यावर बसली की त्या रानात गोफण फिरत नाही, माणसं आळीपाळीने चालत राखण करतात, आणि आपापसात कुजबुजतात. लग्नसराईत त्या वाटेने वरात आली तरी या बांधापासून त्या बांधापर्यंत वाजंत्री बंद. नवरदेव घोड्यावर, करवल्या नटलेल्या, आणि सगळे चिडीचूप. परगावची वऱ्हाडी मंडळी घाबरतात. “काय हो, गावात कुणी गेलं का?” असं हळूच विचारतात.

तेव्हा बोरपांढरीचं कुणीही, अगदी शेंबडं पोरसुद्धा, ओठांवर बोट ठेवून सांगतं, “कुणी गेलं नाही, पाव्हणं. बाळ निजलंय.”