कडक चापाची बंदूक

एका राज्यात बंदुकांवर अशी जकात होती, की ती भरून भरून माणसं एकटी पडत.

त्याचं असं झालं. राजाचा धाकटा भाऊ लढाईत पडला आणि ज्या बंदुकीने पडला, तिच्या दस्त्यावर आपल्याच शहराचा ठसा निघाला. राजा चवताळला. त्याने मांत्रिकाकडून मंत्र बांधून घेतला : सरहद्दीपार बंदुका धाडायच्या तर खेपेला तीन शिक्के घ्यावेत, आणि दर शिक्क्यामागे कारागिराला ओळखणाऱ्या एका माणसाने त्याला साफ विसरावं. जो पार काहीच धाडत नाही, नुसता भट्टीपाशी बसून चाप घडवतो, त्यानेही सालाला एक ओळख भरावी. मंत्र लांबच्या माणसापासून सुरुवात करी आणि दर खेपेला जवळ येई.

मांत्रिक म्हणाला, “महाराज, मंत्राला सुटका ठेवावी लागते. पार गेलेली बंदूक तोंड खाली करून आपल्या कारागिराच्या हातात परत येईल, त्या दिवशी हा सुटेल.”

राजा हसला. गेलेली बंदूक परत येते ती आपल्यावर तोंड रोखूनच, अशी त्याची खात्री होती.

बड्या कारखानदारांचं यात काहीएक बिघडलं नाही. खेपेत बंदूक एक असो की पाचशे, शिक्के तीनच! ते पाचशे-पाचशे धाडत, आणि तीन हमाल मालकाला विसरत. मालकाला तरी हमाल कुठे ठाऊक होते? मात्र पलीकडच्या ज्या गिऱ्हाइकाला एकच बंदूक हवी, त्याला कोणी दारात उभं करीना. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुकं सहीसलामत राहिलं आणि ओलं तेवढं जळलं.

त्या ओल्यातला एक रुमाजी. गल्लीच्या टोकाला त्याची एकट्याची भट्टी. जन्मात त्याने सरहद्दीपार काही धाडलं नव्हतं, तरी नऊ वर्षांत नऊ ओळखी भरल्या. चुलतभाऊ गेले, व्याही गेला, शेवटी कोळसेवालाही त्याला नवखा समजून भाव सांगू लागला. आता तिघंच उरली होती. भाकरी आणून देणारी शेजारीण कोंडाबाई, देवळाच्या पायरीवर सोंगट्या खेळणारा बाळंभट, आणि घाटापलीकडे दिलेली लेक हौसा.

त्या साली मिठाच्या तांड्याबरोबर हौसाचा निरोप आला. डोंगरात काळा लांडगा उतरला होता. त्याच्या कातड्यावर बाण बोथटत, गोळीच काय ती लागे. शेजारची दोन मुलं त्याने नेली होती. हौसाला एकच मूल होतं, आणि एक बंदूक तिला कोणी विकत नव्हतं.

रुमाजीने बंदूक घडवायला घेतली. त्या शहरातल्या कारागिरांची जुनी रीत होती, नव्या बंदुकीचा चाप जरा कडक ठेवायचा. वर्षभर वापरून हात बसला, की गिऱ्हाईक परत येई आणि त्याच्या बोटाच्या बेताने कारागीर चाप सैल करून देई. पार जाणाऱ्या मालाला ही रीत कोणी पाळत नसे. तिकडून कोण परत येतंय? रुमाजीने कानस उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि तशीच खाली ठेवली.

पहिला शिक्का शस्त्रशाळेत मिळाला. घरी आला तर कोंडाबाई दारात उभी होती. तिने विचारलं, “कोणाकडे आलात?” भाकरी तिच्याच हातात राहिली.

दुसरा शिक्का मांत्रिकाच्या बुरुजावर मिळाला. संध्याकाळी रुमाजी पायरीवर बसायला गेला, तेव्हा बाळंभट नम्रपणे म्हणाला, “माफ करा, ही जागा कोणाची तरी आहे.” कोणाची, ते त्याला आठवेना. रुमाजी तिथून उठला, आणि त्याला रडू आलं.

तिसरा शिक्का सरहद्दीच्या नाक्यावर. तिथला अंमलदार म्हणजे एक म्हातारा धनेश पक्षी. आपल्या बाकदार चोचीत शिक्का धरून तो वडावर बसे. तो शिक्का फांदीवर ठेवून त्याने विचारलं, “आता कोण उरलं आहे?”

“लेक. बंदूक तिलाच जायची आहे.”

“मग ती कोणी धाडली, हे तिला कळणार नाही.”

“लांडग्याला कळलं म्हणजे पुरे.”

धनेशाने शिक्का मारला. तांडा घाट चढून दिसेनासा होईतो रुमाजी वडाखाली उभा होता. मग तो अशा शहरात परतला, जिथे त्याला ओळखणारं एकही माणूस नव्हतं. पावसाळ्यात बाळंभट वारला. रुमाजी त्याला पोहोचवायला गेला, तेव्हा हा परका माणूस का रडतो म्हणून लोक वळून पाहू लागले.

वर्ष सरलं. एका दुपारी भट्टीच्या दारात एक बाई उभी राहिली. तिच्या कडेवर मूल होतं आणि खांद्याला बंदूक, तोंड खाली करून लटकवलेली.

“कारागीर,” ती म्हणाली, “बंदूक चोख आहे. लांडगा एका गोळीत पडला. पण चाप फार कडक आहे.”

रुमाजीने भात्यावरचा हात काढला नाही. “कोणी दिली तुम्हाला?”

“ठाऊक नाही. दस्त्यावरचा ठसा दाखवत शहरात आले, मग भट्टीभट्टीपाशी विचारत इथवर.”

तिने बंदूक पुढे केली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. तिकडे नाक्यावर धनेशाच्या चोचीतला शिक्का तडकला आणि त्याचे दोन तुकडे झाले. इकडे बाहेर कोंडाबाई कोणाला तरी सांगू लागली, की रुमाजीची भाकरी द्यायची राहिली.

पुढे राजाने नवा कायदा केला : बंदूक घडवणारा आणि नेणारा, दोघांनी नाक्यावर समोरासमोर उभं राहून आपली नावं सांगावीत. बाळंभटाच्या पायरीवर मात्र सोंगट्या पुन्हा मांडल्या गेल्या नाहीत.

पण हे सगळं मागाहून. त्या दुपारी हौसा बराच वेळ भट्टीतल्या त्या म्हाताऱ्याकडे पाहत राहिली. मग तिने मूल खाली ठेवलं.

“बाबा,” ती म्हणाली, “मी परत यावं म्हणूनच ना चाप कडक ठेवलात?”

रुमाजी म्हणाला, “बोट दाखव बघू.” आणि त्याने कानस उचलली.